आकसण्यापुरती जागा

शाहूपुरीत, झेरॉक्सच्या दुकानावर,
पतसंस्थेचं मुख्य कार्यालय.
आत मी, दोन पडदे, साय धरलेला चहा
आणि एकसष्ट शाखांचे एकसष्ट सर्व्हर,
हिरव्या ठिपक्यांएवढे.

कागल, मुरगूड, गारगोटी, आजरा,
नेसरी, कोवाड, बांबवडे, गगनबावडा.
पूर्वी ज्याची त्याची फाईल होती.
कुणी लिहिलेलं, ऐंशीच्या वर गेलं की सांग.
कुणी नव्वद. कुणाचं एक शून्य जास्त पडून नऊशे,
म्हणजे ते मशीन जळून गेलं असतं, बोललं नसतं.
मुरगूडच्या फाईलीत एकच टीप:
"इनामदारसाहेबांना विचारून बदलणे."
साहेब निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेली.

म्हणून मी साचा केला.
मोठ्या साच्याच्या पोटात तालुक्याचा,
तालुक्याच्या पोटात शाखेचा.
वर एक आकडा बदलावा,
खाली एकसष्ट खोल्यांत तो एका दमात बदलावा.
सोमवारी रात्री पाठवला.
एकही ठिपका हलला नाही.
मी त्या हिरवळीचा फोटो काढून ठेवला,
कुणाला दाखवायला, ते ठरलं नव्हतं.

गुरुवारी पहाटे पावणेचारला फोन.
गगनबावड्याचे रखवालदार, रमजान शिकलगार.
"म्याडम, तुमचं यंत्र गप हाय,
पर दार उघडलं तर भट्टीगत वारं आलं.
हात लावला तर भाजलं की वं."

पडद्यावर गगनबावडा हिरवा.
तापमान चोवीस. कालही चोवीस. परवाही.

"पंखा लावा, खिडकी उघडा,
डावीकडचं लाल बटण दाबून धरा, मी आहे फोनवर."
ते दाबून उभे राहिले. मी त्यांचा श्वास ऐकत बसले.
मग जुनी फाईल उघडली,
जी मी माझ्या हातांनी निकालात काढली होती.
सतराव्या ओळीत, नाव नाही, तारीख नाही:
"पुढचा सेन्सर ओलीने मेलाय. मागचा वाचावा."

माझा साचा पुढचाच वाचत होता.
मेलेला सेन्सर कुरकुरत नाही,
तो चोवीस सांगतो.

आण्णा उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते.
फाउंड्रीसाठी सागवानी नमुने कोरायचे.
पाचवीत मी त्यांची पोलादी पट्टी शाळेत नेली,
आणि माझी प्रत्येक रेघ लांब निघाली.
दहा सेंटिमीटरला एक मिलिमीटर जास्त.
मगदूमबाईंनी वहीवर लाल फुली मारली.
घरी आण्णा हसत सुटले:
"खुळे, ती ओतकामाची पट्टी.
लोखंड निवताना आकसतं.
साचा तंतोतंत केला, तर वस्तू चुकते."
वाळूत ते सुईने भोकंही पाडायला लावायचे,
वाफेला वाट नसली तर बीड फुटतं म्हणून.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं.
गुरुवारी सकाळी, तोंडही न धुता, कळलं.

आता प्रत्येक शाखेला साच्यात एक कोरा कप्पा आहे.
तिथे लिहिलेलं वरून पुसलं जात नाही.
कोणी लिहिलं, कधी, का,
हे विचारल्याशिवाय तो कप्पा भरता येत नाही.
कोवाडवाल्यांनी लिहिलं, पुरात सर्व्हर माळ्यावर नेतो,
ते चार दिवस ओरडू नये.
नेसरीने लिहिलं, बुधवारी दुपारी वीज नसते.
कागलने अजून काही लिहिलेलं नाही.
कागलची मला काळजी वाटते.

गगनबावड्याचं मी भरलं:
मागचा सेन्सर वाचावा. शंका आल्यास
रमजानभाईंना दार उघडून हात लावायला सांगावं.
पाठवताना बोट थांबलं.
हीही उद्याची इनामदारसाहेबांचीच टीप.
मग तारीख घातली, त्यांचा नंबर घातला,
खाली लिहिलं, दर जूनमध्ये तपासणे.

मुरगूडची ती जुनी ओळ मात्र
अजून तशीच आहे.
पुसायची आहे.
कुणाला विचारावं, कळत नाही.